‘आमच्या टॅक्सच्या पैशावर’ म्हणणारे सगळेच, पण टॅक्स नक्की भरतं कोण?

कुठल्याही सरकारी योजनेची बातमी फेसबुकवर पडू द्या. लाडकी बहीण असो, कर्जमाफी असो नाहीतर एसटीचं अर्धं तिकीट. तिसऱ्या-चौथ्या कमेंटला ठरलेलं वाक्य येतंच, ‘आमच्या टॅक्सच्या पैशावर यांची मजा चाललीये.’ मग कुणीतरी खाली सांगतो की देशात टॅक्स भरणारे मूठभरच, बाकी सगळे फुकटे. त्यावर तिसरा भडकतो आणि पुढचे दोन दिवस राडा सुरू राहतो.

या राड्यात एक गोष्ट सगळ्यांनी न बोलता धरून चाललेली असते. टॅक्स म्हणजे इन्कम टॅक्स.

आता गंमत बघा. ही कमेंट ज्या मोबाइलवरून पडली, त्यात २९९ रुपयांचा रिचार्ज मारला असेल तर त्यातले पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपये जीएसटीचे आहेत, कारण मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो या किमतीतच धरलेला असतो. रिचार्ज मारणारा कॉलेजचा पोरगा असो, सोसायटीचे वॉचमन काका असोत किंवा कंपनीचा मालक असो, रक्कम तेवढीच. मालकाला निदान आपण टॅक्स भरतो हे माहीत असतं, वॉचमन काकांना त्याची पावतीही मिळत नाही.

म्हणजे टॅक्स सगळेच भरतात. खरा प्रश्न वेगळा आहे. कोण किती भरतं, कुठल्या वाटेने भरतं आणि ते पैसे नक्की कुठल्या सरकारच्या खिशात जातात? आज तेच नीट समजून घेऊ. सुरुवात करू पगाराच्या स्लिपवरच्या एका छोट्याशा ओळीपासून.

फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात?

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर सॅलरी स्लिपवर ‘पीटी’ नावाची एक कपात दिसेल. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार असला की दरमहा २०० रुपये जातात, आणि फेब्रुवारीत ३००. अनेकांना वाटतं एचआरने काहीतरी घोळ घातला. घोळ नाहीये. ११ महिने २०० आणि एक महिना ३०० अशी बेरीज केली की बरोबर २,५०० होतात. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा पूर्वी २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि नंतरच्या घटनादुरुस्त्यांनी तिला हात लावलेला नाही.

पण हा कर महाराष्ट्रात आला कसा, ती स्टोरी जास्त भारी आहे.

१९७२ चा दुष्काळ. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, मिलो ज्वारी आणि सुकडी हे दोन शब्द ते लगेच काढतील. शेतात पीक नाही, हाताला काम नाही, माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामाला जात होती. याच काळात राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक मानले जातात. मागेल त्याला काम, अशी हमी सरकारने द्यायची होती. आता हमी द्यायची तर पैसे लागणार. दर दुष्काळात दिल्लीकडे हात पसरून हमी देता येत नाही.

मग १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या, व्यावसायिकाच्या कमाईतून थोडे पैसे घ्यायचे, त्याच्या जोडीला मोटार वाहन, विक्रीकर, बागायती जमीन यांच्यावर थोडा जादा भार टाकायचा, सरकारने आपली भर घालायची आणि त्यातून गावाकडच्या माणसाच्या कामाची मजुरी भागवायची. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचाच अनुभव होता.

थोडक्यात, ‘आमच्या टॅक्सवर त्यांचं चाललंय’ हे वाक्य महाराष्ट्रात एकेकाळी तक्रार नव्हतं, अधिकृत धोरण होतं.

आता याच कराची दुसरी बाजू बघा. महिन्याला १२ हजार कमावणारा माणूस वर्षाला २,५०० भरतो. म्हणजे कमाईच्या पावणेदोन टक्के. महिन्याला लाख रुपये कमावणाराही २,५०० च भरतो. म्हणजे साधारण ०.२ टक्के. दोघांकडून सारखीच रक्कम घेतली, पण भार सारखा पडला का? नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विषय याच्यावर उभा आहे. (महिलांना यात सूट आहे. २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांकडून हा कर घेतला जात नाही.)

चांगला कर ओळखायचा कसा?

यावर सगळ्यात जास्त उद्धृत होणारा माणूस म्हणजे ॲडम स्मिथ. १७७६ मध्ये त्याने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ लिहिलं आणि त्यात करासाठी चार कसोट्या दिल्या. समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. अर्थशास्त्राच्या परीक्षेला हे चार शब्द पाठ करून पाच मार्क मिळतात. पण ते पाठ करण्यापेक्षा आपल्या अवतीभवतीच्या करांना लावून बघण्यात जास्त मजा आहे.

पहिली कसोटी समतेची. ज्याची जेवढी ताकद, त्याने तेवढा भार उचलावा. इन्कम टॅक्स या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो, कारण तो टप्प्याटप्प्याने वाढतो. इथे एक गैरसमज मात्र लगे हात दूर करू. ‘पगार वाढला, वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्या पगारावर जास्त टॅक्स’ असं होत नाही. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या पैशाला लागतो.

२०२५ च्या अर्थसंकल्पातल्या नव्या कररचनेचं उदाहरण घेऊ. करपात्र उत्पन्न १६ लाख आहे असं समजा. पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार आणि शेवटच्या ४ लाखांवर १५ टक्के म्हणजे ६० हजार. एकूण १ लाख २० हजार, वर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर. ‘मी १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे’ असं म्हणणाऱ्या या माणसाचा प्रत्यक्ष कर उपकर धरूनही आठ टक्क्यांच्या आतच आहे. आणि १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर नेहमीच्या कमाईवर सवलतीमुळे कर शून्यावर येतो.

म्हणूनच रिटर्न भरणारे आणि टॅक्स भरणारे हे दोन वेगळे आकडे आहेत. ३१ जुलै २०२४ पर्यंत ७.२८ कोटी रिटर्न भरले गेले होते, पण रिटर्न भरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांचा कर शून्य असतो. त्यामुळे ‘इन्कम टॅक्स भरणारे थोडे’ हे खरंच आहे. ‘टॅक्स भरणारे थोडे’ हे खोटं आहे.

कारण दुसऱ्या बाजूला जीएसटी आहे. तो तुमचा पगार विचारत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीच्या दरांची मोठी फेरमांडणी झाली. आधी ५, १२, १८ आणि २८ असे टप्पे होते. २२ सप्टेंबरपासून मुख्यतः ५ आणि १८ उरले, आणि चैनीच्या किंवा अपायकारक मानलेल्या काही वस्तूंसाठी ४० टक्के. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी गेला.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं गणित मांडू. १८ टक्के होते तेव्हा त्यात साधारण ७६ पैसे कर होता, ५ टक्के झाल्यावर साधारण २४ पैसे. एका पुड्यात हे काहीच वाटत नाही. पण ज्या घरात महिन्याची सगळी कमाई महिन्याअखेरीपर्यंत खर्चून जाते, तिथे जवळजवळ प्रत्येक खर्चाला कर चिकटतो. ज्याची अर्धी कमाई शिल्लक राहते, त्याच्या त्या शिल्लक अर्ध्यावर जीएसटी लागतच नाही. त्यामुळे गरजेच्या वस्तूंवर कमी दर ठेवणं म्हणजे सरकारची मेहरबानी नव्हे. तो समतेच्या कसोटीचा साधा हिशेब आहे.

आता कमेंटमधल्या आवडत्या टार्गेटकडे वळू. ‘शेतकरी एक रुपया टॅक्स भरत नाही.’ शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही हे खरं. घटनेनुसार तो विषयच राज्यांकडे आहे, केंद्राला त्यावर कर लावता येत नाही. आणि मोठमोठे बागायतदार किंवा शेतीच्या नावाखाली दुसरा पैसा पांढरा करणारे या सवलतीत लपतात, हा आक्षेपही रास्त आहे.

पण साध्या शेतकऱ्याचं काय होतं ते बघा. त्याने घेतलेल्या खतावर ५ टक्के जीएसटी, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के, डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. दुकानदार किंवा कारखानदार आपण खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करतो. त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. शेतकरी स्वतःचा माल विकतो तेव्हा तो जीएसटीच्या नोंदणीतच नसतो, त्यामुळे त्याला हे क्रेडिट मिळत नाही. कीटकनाशकावर भरलेले १८ टक्के त्याच्याच अंगावर राहतात. भाव बाजार ठरवतो, म्हणजे ते पुढे ढकलायचीही सोय नाही. कर कुणाच्या नावाने लागतो आणि शेवटी कुणाच्या खिशातून जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या अशा.

हा वाद आजचा नाही बरं का. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं होतं. त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा हाच होता. सरकारी महसुलाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. तेव्हा सरकारने आपला पैसा खालच्या थरातल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘कुणाच्या पैशावर कुणाचं चाललंय’ हा प्रश्न फुल्यांनी बरोबर उलट्या बाजूने विचारला होता.

नियम आज एक, उद्या दुसरा

दुसरी कसोटी निश्चिततेची. किती कर, कधी, कसा, हे आधीपासून माहीत असलं पाहिजे. घटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. साधं वाटतं, पण भारतात सगळ्यात गाजलेलं करप्रकरण नेमकं याच कसोटीवर घसरलं.

२००७ मध्ये व्होडाफोनने हचिसन कंपनीचा भारतातला मोबाइल धंदा विकत घेतला. व्यवहार दोन परदेशी कंपन्यांमध्ये, परदेशात झालेला. भारताच्या कर खात्याने व्होडाफोनकडे ११ हजार कोटींहून जास्त कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. दोनच महिन्यांनी अर्थसंकल्पात सरकारने कायदाच बदलला, आणि तोही पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९६२ पासून. म्हणजे मॅच संपल्यावर नियम बदलून निकाल फिरवण्यासारखं झालं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात भारत हरला आणि २०२१ मध्ये संसदेने ती तरतूद मागे घेतली. या सगळ्यात व्होडाफोन बिचारी होती असं मला म्हणायचं नाहीये. अशा आडवळणाच्या व्यवहारांवर कर लागायला हवा, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तो पुढच्या तारखेपासून लावायला हवा होता.

तिसरी कसोटी सोयीची. भरणाऱ्याच्या हातात पैसे असतील तेव्हा आणि त्याला जमेल तशा पद्धतीने कर घ्यावा. पगारातून टीडीएस कापला जातो तो याच तत्त्वाने. ही कसोटी मोडली की काय होतं, त्याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. इंग्रजांच्या रयतवारी पद्धतीत शेतसारा ठरलेल्या तारखेला आणि रोखीत भरावा लागे. पीक आलंय का, भाव पडलाय का, याच्याशी सरकारला फारसं देणंघेणं नव्हतं. मग शेतकरी सावकाराकडे जायचा. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावात याचा भडका उडाला. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे कागद, रोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. राग सावकारावर निघाला, पण त्यामागे साऱ्याचं ओझंही होतं.

चौथी कसोटी काटकसरीची. कर गोळा करण्यातच फार पैसा आणि वेळ जाऊ नये. इथे मुंबई-ठाण्याच्या लोकांना जकात आठवेल. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली या नाक्यांवर ट्रकच्या रांगाच रांगा. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका कर घ्यायची आणि त्यासाठी प्रत्येक गाडी थांबायची. डिझेल जळायचं, भाजी सुकायची, चिरीमिरी वेगळीच. पण मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झराही तोच होता. राज्यातल्या बाकी महापालिकांमध्ये जकात आधीच गेली, तिच्या जागी एलबीटी आला, व्यापाऱ्यांनी आंदोलनं केली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापारी त्यातून सुटले. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली.

ट्रकच्या रांगा संपल्या, पण एक वेगळी अडचण झाली. जकात महापालिकेची स्वतःची कमाई होती. आता तिच्या जागी राज्य सरकार भरपाई देतं. म्हणजे देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिकाही उत्पन्नाच्या मोठ्या हिश्शासाठी मंत्रालयाकडे बघते. कराचा कार्यक्षमपणा वाढला, पालिकेची स्वायत्तता कमी झाली. चारही कसोट्यांना एकाच वेळी पूर्ण मार्क मिळवणारा कर बहुधा नसतोच.

केंद्राचा रुपया येतो कुठून?

आता दिल्लीकडे जाऊ. दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर ‘रुपया असा येतो, असा जातो’ असं चित्र येतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला रुपया असा होता. २२ पैसे इन्कम टॅक्समधून, १८ पैसे जीएसटी आणि इतर करांतून, १७ पैसे कंपन्यांच्या नफ्यावरच्या करातून, ५ पैसे उत्पादन शुल्कातून, ४ पैसे सीमा शुल्कातून. ९ पैसे करेतर उत्पन्न, १ पैसा निर्गुंतवणुकीसारख्या भांडवली जमेतून. आणि सगळ्यात मोठा वाटा, २४ पैसे, कर्जातून.

यातल्या दोन गोष्टींवर थांबायला हवं. पहिली म्हणजे व्यक्तींचा इन्कम टॅक्स कंपनी करापेक्षा मोठा झालाय. त्या अर्थसंकल्पात इन्कम टॅक्सचा अंदाज १४.३८ लाख कोटींचा होता, कंपनी कराचा १०.८२ लाख कोटींचा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांसाठीचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय दिला गेला. गुंतवणूक वाढेल असा त्यामागचा हिशेब होता. पगारदार मध्यमवर्गाला ‘सगळा भार आपल्यावरच’ वाटतं, त्यात या जागी तथ्य आहे. फक्त त्यांचा राग लाडकी बहिणीकडे वळतो, या आकड्याकडे वळत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. तो उद्या भरायचा टॅक्स आहे. त्याच अर्थसंकल्पात खर्चाच्या रुपयातले २० पैसे जुन्या कर्जांच्या व्याजावर जाणार होते. संरक्षणावर ८ पैसे, सबसिडीवर ६ पैसे. ‘सबसिडीत देश बुडाला’ असं म्हणण्याआधी व्याजाचा आकडा बघून घेतलेला बरा.

करेतर उत्पन्नात सरकारी कंपन्यांचा लाभांश, स्पेक्ट्रमचे पैसे, वेगवेगळी शुल्कं येतात. यातला बिग बॉस म्हणजे रिझर्व्ह बँक. २०२४-२५ या वर्षासाठी तिने केंद्राला २ लाख ६८ हजार ५९० कोटी रुपये दिले. परकीय चलन, सरकारी रोखे वगैरेंवर तिची जी कमाई होते, त्यातली वरकड ती सरकारला देते. हा पैसा कुणी टॅक्स म्हणून भरलेला नाही, तरीही बजेटमध्ये तो अनेक करांपेक्षा जड आहे.

महाराष्ट्राच्या हातात काय उरतं?

राज्याचे कमाईचे रस्ते मोजकेच. एसजीएसटी, घर-जमिनीच्या व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, गाड्यांवरचा कर, वीज शुल्क. जीएसटी आल्यापासून आपल्या मर्जीने दर बदलायला राज्याकडे मुख्यतः जमीन, पेट्रोल आणि दारूच उरली. म्हणून तिजोरीवर ताण आला की यांच्यावरच घाला येतो. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं ते यातूनच. मुंबईत फ्लॅट घेताना ५ टक्के मुद्रांक शुल्कावर १ टक्का मेट्रो उपकर बसतो तोही यातूनच. फ्लॅट महिलेच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट आहे.

आता तो उपकर हा शब्द नीट बघा, कारण सगळी गोम तिथे आहे.

केंद्र जे कर गोळा करतं त्यातला ठराविक वाटा राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी तो ४१ टक्के ठरवला. पण उपकर आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत. ते पूर्ण केंद्राकडे राहतात. पेट्रोलवर याचा परिणाम किती होतो बघा. एप्रिल २०२५ मधल्या वाढीनंतर लिटरमागे केंद्राचं शुल्क २१ रुपये ९० पैसे होतं. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचे साडेवीस रुपये विशेष शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी उपकराच्या नावाने. राज्यांशी वाटणी कशाची, तर त्या १ रुपया ४० पैशांची. बिलावर बघणाऱ्याला दोन्ही सारखेच टॅक्स वाटतात.

उपकराची गंमत अशी की तो एका कामासाठी म्हणून येतो आणि काम संपलं तरी राहतो. यात केंद्रच दोषी आहे असंही नाही. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. पुढच्या वर्षी मराठवाड्यात चांगला पाऊस झाला. भार मात्र पावसाबरोबर वाहून गेला नाही.

मग येतो तो दुसरा हिट विषय, ‘महाराष्ट्र देतो आणि युपी-बिहार खातात.’ पंधराव्या आयोगाच्या सूत्रात वाटपाच्या रकमेतला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता, उत्तर प्रदेशचा १७.९३९ आणि बिहारचा १०.०५८. म्हणजे वाटणीत येणाऱ्या दर शंभर रुपयांतून महाराष्ट्राला साधारण २ रुपये ६० पैसे, उत्तर प्रदेशला सव्वासात रुपयांच्या वर. आकडे बघून चिडचिड होणं स्वाभाविक आहे. सूत्रात सगळ्यात जास्त वजन, ४५ टक्के, राज्याचं दरडोई उत्पन्न किती मागे आहे याला होतं. कर गोळा करण्याच्या मेहनतीला फक्त अडीच टक्के. मेहनतीचं वजन वाढायला हवं, ही मागणी मला तरी वाजवी वाटते.

पण ‘महाराष्ट्राने दिलेला कर’ हा आकडा जरा जपून वापरायला हवा. बँका, विमा कंपन्या, मोठे उद्योगसमूह यांची मुख्यालयं मुंबईत आहेत. पाटण्यातल्या माणसाने बँकेला दिलेल्या व्याजातून आणि लखनौमधल्या माणसाच्या मोबाइल बिलातून जो नफा झाला, त्याचा कर मुंबईत जमा दिसतो. जीएसटीत उलट व्यवस्था आहे. माल चाकणला बनला आणि बिहारमध्ये विकला गेला तर राज्याचा जीएसटी बिहारला जातो, कारण तो खर्च करणाऱ्यावरचा कर आहे. आणि पावणेदोन टक्के भरणारा आणि ०.२ टक्के भरणारा, यातली जी समता आपण माणसांमध्ये मागतो, तिचंच राज्यांमधलं रूप म्हणजे हे ४५ टक्क्यांचं वजन. ते नको असेल तर आधी मुंबईने गडचिरोलीला का द्यायचं, याचंही उत्तर द्यावं लागेल.

तुमच्या दाराशी येणारं बिल

सगळ्यात जवळच्या सरकारकडे, म्हणजे पालिका-ग्रामपंचायतीकडे, आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. रस्ता, कचरा, गटार, दिवे त्यांच्याकडे, आणि हातात मुख्य कर एकच, मालमत्ता कर. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे. छोट्या घरात राहणाऱ्याला दिलासा, म्हणजे समतेच्या कसोटीला मार्क. पण जकात गेल्यावर उरलेल्या एकमेव मोठ्या हुकमी उत्पन्नातूनही एक तुकडा गेला.

घरात मालमत्ता कराचं बिल असेल तर एकदा उलगडून बघा. एकच रक्कम नसते ती. सर्वसाधारण कर, पाण्याचा आणि मलनिःसारणाचा कर, पथकर, वृक्ष उपकर, राज्य शिक्षण उपकर अशा ओळी दिसतील. दुकान किंवा ऑफिसच्या बिलावर आणखी एक ओळ असते, रोजगार हमी उपकराची. शेवटचे दोन पालिकेचे नाहीतच. ती फक्त ते राज्य सरकारसाठी गोळा करते.